खंडेनवमीचा थर्मामीटर

आजच्या सभेचे अध्यक्ष व आपल्या गिरणीचे व्यवस्थापक श्री. सोमलिंग हत्तुरे, सत्कारमूर्ती मुख्य अभियंता श्री. मुकुंदराव खासनीस, व्यासपीठावरील पाहुणे आणि समोर बसलेल्या कामगार बंधुभगिनींनो,

निवृत्त होणाऱ्या साहेबांना प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून शाल मी घालावी, असे ठरले आहे. मानपत्र आपण ऐकलेत. खासनीस साहेबांनी रंगखात्यातली वाफेची उधळपट्टी थांबवली, असे त्यात आहे. कशी थांबवली, तेवढे राहिले. ते मी सांगते.

किती वाफ गेली हे मीटर दाखवतो. पण वाफ किती तापलेली आहे हे कळल्याशिवाय त्याचा हिशेब जुळत नाही. म्हणून नळीत उतरलेल्या पोलादी म्यानात रेझिस्टन्स थर्मामीटर बसवतात. त्यातली प्लॅटिनमची तार तापली की विजेला होणारा तिचा विरोध वाढतो, त्यावरून मीटरला तापमान समजते. थर्मामीटर थंड राहिला, तर मीटर वाफ दाट आहे असे धरतो आणि आकडा फुगवतो. यात न समजण्यासारखे काय आहे?

गेल्या खंडेनवमीला साहेबांनी तो पूजेला मांडायला काढला. प्लॅटिनम ना, सोन्याहून महाग. माझे हळदकुंकवाशी भांडण नाही, घरी मी विळीही पुजते. पण दसरा झाल्यावर साहेब म्हणाले, "पुजलेली वस्तू परत त्या भट्टीत कोंबता काय?" आणि थर्मामीटर नळीबाहेर सुताने बांधला गेला. साहेब पदवीधर आहेत, बरे का.

आकडा चढला. नळी तपासायचे सोडून साहेबांनी माणूस धरला. रंगखात्यातल्या कामगारांवर देखरेख करणारे जॉबर रेवणप्पा वाफ वाया घालवतात, म्हणून निलंबित. ते माझ्याकडे आले. "बाई, येवढी वाफ म्या पिलो व्हय? पोट तर बगा की."

मी साहेबांकडे गेले. उत्तर मिळाले, "बाई, तुम्ही रंगाच्या बाटल्या सांभाळा."

बाटल्या ठेवल्या, शिडी लावली आणि थर्मामीटर म्यानात बसवून आले. आकडा खाली उतरला. त्यावर साहेबांनी व्यवस्थापकांना काय सांगावे? "पाहा, रेवणप्पा गेला आणि वाफ वाचली." आजचे मानपत्र त्याच वाचलेल्या वाफेचे आहे.

निलंबित माणसाला आत सोडत नाहीत. रेवणप्पा या घटकेला फाटकाशी उभे आहेत.

अध्यक्षमहाराज, मला बोलू दिलेत, आभारी आहे. खासनीस साहेब, उद्यापासून तुमच्या शब्दावर इथे काही हलणार नाही, आज हलेल. या ध्वनिक्षेपकाशी या. थर्मामीटर तुम्ही बाहेर बांधायला लावलात, रेवणप्पांचा दोष नव्हता, एवढे एक वाक्य बोला. हत्तुरे साहेब ऐकायला बसलेच आहेत.

माझ्या बोलण्यात काही अधिकउणे झाले असेल, तर सभेने पोटात घालावे. शाल माझ्या हातात आहे. ते वाक्य होईतोवर मी उभी आहे.