तीन बाजूंचं बेट

अकोल्याला जमीनमोजणीच्या तंबूबाहेर रांगेत उभा होतो. माझ्यापुढं पूर्णेच्या दोन काठांवरचे दोन पाटील होते.

"उकंडजी, पूर्णा त्या बेटाले तीन बाजूनं फिरते. चवथ्या बाजूनं ते आमच्या गावाले जुडलं हाय. मंग नदीपल्याड तुमचं कसं झालं?"

"भोसल्याच्या राज्यात आमी पेरलं, कुर्बानभाई."

"निजामाच्या राज्यात आमी पेरलं."

"मंग इंग्रज आला अन् कोणीच पेरलं नाई. दहा वर्सं तिथं बाभळी वाढल्या. तवा काहून नाई बोलले?"

"तुमी तरी कुठं बोलले? विलायतेत कापसाले भाव आला, अन् तुमाले आजोबा आठवले."

"सरका पुढं. बोलावून राहिले."

"मले ढकलू नका."

तंबूतला कारकून पुण्याकडचा होता.

"त्या जमिनीला काय म्हणता तुम्ही?"

"बेट."

"आणि तुम्ही?"

"बेटच, साहेब. तेवढं एकच दोन्ही गावाचं जुळते."

"मग भांडण कसलं? बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी. कुठल्याच गावाचं नाही. सरकारजमा लिहितो. पुढचा कोण?"

"चारी? थांबा साहेब! आमचं बेट तीनच बाजूचं हाय!"

"असं बेट नसतं, पाटील. चला, सरका."

"उकंडजी, बोला ना काईतरी!"

"साहेब, लिहू नका! चवथ्या बाजूनं पाणी नाई. ते कुर्बानभाईच्या गावाले जुडलं हाय. म्या सोता पायलं!"