सलीमची गाडी उलटली तेव्हा

शर्यतीत जिंकाची हौस मले कधीच नव्हती, गाडी पळवाची मजा पुरे. पिंपळगाव राजाजवळच्या रिकाम्या वावरात आमची शर्यत होती. समोर फक्त माहा दोस्त सलीम होता. वळणावर त्याची गाडी उलटली अन् धुळीत दिसेनाशी झाली. मांगून आणखी चार गाड्या येत होत्या. मी माही गाडी आडवी लावली अन् त्याच्याकडे पळालो. पेट्रोलचा वास येऊन राह्यला होता.

"सलीम! सलीम!"

कसंबसं दार ओढलं, तं हा सीटच्या पट्ट्याले उलटा लटकलेला. डोळे उघडून म्हनते, "काऊन थांबला बे? पहिला आला असता ना!"

म्हटलं, "अन् भाभीले काय सांगू, पहिला आलो म्हून?"