भुवया

हॅलो? सागरी सुरक्षा निरीक्षण केंद्र. देशाच्या उत्तर सीमेवर आमचा डोळा अखंड उघडा असतो…

कोण? आलूकी? अगं, असंच बोलायचं लिहून दिलंय मला. नाही, उघडा नव्हता. जेवत होतो.

हो, जहाज गेलं. पाहिलं ना. बर्फ फोडत गेलं. नोंदही केली: एक, लाल, मोठं. थांबवायचा अधिकार नाही गं मला, नोंदवायचा आहे.

काय? तुझा नवरा, इनुकी, पलीकडे?… सीलच्या शिकारीला गेला होता?… एकटा?

तो रेडिओवर काय म्हणाला, नीट सांग… हो… हो… म्हणजे जहाजानं पाडलेल्या खाचेत नुसता बर्फाचा चुरा. होडी चालणार नाही, पाय टिकणार नाही. आणि चुलीचं तेल?… एका दिवसाचं.

फोन ठेवू नकोस, दुसऱ्या फोनवरून सगळ्यांना विचारतो…

ऐक ना. दक्षिणेतल्या कार्यालयाला फोन झाला. त्यांनी विचारलं, माणूस जहाजावरून पडलाय का? म्हटलं, नाही, जहाज गेल्यामुळे अडकलाय. तर म्हणाले, मग ते दुसरं खातं. दुसरं खातं म्हणालं, हवा उघडली की हेलिकॉप्टर.

…नाही, उघडलेली नाही.

कप्तानालाही विचारलं, आमच्या वाटेवरून का गेलास? तर म्हणे, गावाची संमती आहे.

अगं, ती सभा. दोन वर्षांपूर्वीची, डोनट होते ती. साहेबांनी विचारलं नव्हतं का, ‘इथून जहाजं गेली तर कुणाची हरकत आहे?’ सगळ्यांनी भुवया वर केल्या. तूसुद्धा… हो, आपल्यात ‘आहे’च ना त्याचा अर्थ. त्यांच्यात त्याला काहीच अर्थ नाही. त्यांनी लिहिलं, ‘कोणीही काहीही बोललं नाही.’

…दुभाषा मीच होतो.

…सहीपण माझीच. वाचलं नव्हतं, आलूकी. डोनट संपत होते.

बोल. बोल मला, ऐकतोय.

…

झालं? आता ऐक. इनुकीला सांग, काठापासून आत सरक, बर्फाचं घर बांध, चूल फक्त पाण्यापुरती. वारा फिरला नाही आणि थंडी टिकली, तर तीन दिवसांत खाच गोठून धरेल. चालत येईल तो. मी दोर घेऊन निघतोच आहे, अलीकडून तरी दिसेन त्याला…

थांब, दक्षिणेतून काहीतरी आलंय… कप्तानाचं वेळापत्रक… हो, वाचतोय, या खेपेला वाचतोय.

आलूकी, जहाज परवा याच वाटेनं परत येणार आहे.