व्हार्निसचा दांडा

मी सुतार, अमडापूरचा. आजा दांडे घडवे, बाप दांडे घडवे, मी बी तेच करतो, कुऱ्हाडीचा, कुदळीचा, फावड्याचा, तुमी म्हणान तो. दांडा तासून गुळगुळीत झाला का बाप त्याले कोमट जवसाचं तेल चोळे, उन्हात ठेवे, दुसऱ्या रोजी परत चोळे, असं आठ रोज. मी म्हणो, बाबा, कायले इतली झंझट? तो म्हणे, काऊन बे, उद्या लगन हाय का तुहं? तेल मुरू दे लाकडात, मंग हाताले घाम आला तरी दांडा सुटत नाई. घरात जवसाचा असा वास राहे का माही माय वैतागे, पाहुणे नाक दाबतेत म्हणे. जाऊ द्या, मी भलतीकडंच चाललो.

बाप गेला अन् मी व्हार्निस धरलं. एका दिवसात वाळे, आठ रोज कोण बसते? चिखलीच्या बाजारात लोकं चकचकीत दांडा हातात घेत अन् वा वा करत. मंग उंद्रीचा एक कास्तकार कुदळ घेऊन वापस आला, म्हणे मिस्त्री, घाम आला का हातातून सटकते हे. मी म्हटलं, नवं हाय, वापरून वापरून होईन बरोबर. म्हंजे मले माईत होतं, काय सांगू तुमाले, तवाच माईत होतं.

त्याच हप्त्यात शेजारच्या सुमनबाईच्या कुऱ्हाडीले दांडा घालून देला, व्हार्निसचाच. उन्हाळ्याचे दिवस, बाई आंगणात इंधन फोडून राह्यली होती, अन् कुऱ्हाड हातातून सटकली ते सरळ डाव्या पायावर. दोन बोटं गेली. मीच तिले ऑटोत बसोलं. दवाखान्यातून घरी आणली तं तिची सासू चार बायाईसमोर म्हणे, येंधळीच हाय, धड कुऱ्हाड धरता येत नाई. मी तिथंच उभा. अन् मी काय बोलाव? मी म्हटलं, घामाचा हात पुसून घ्याव न बाई. असं बोललो मी! सुमनबाई खाली मान घालून म्हणे, हो भाऊ, चुकलंच माहं.

तवापासून सासूनं तिचं नावच येंधळी ठेवलं. वावरात तण निंदाले उकिडवं बसता ये नाई तरी येंधळी, ताट पडलं तरी येंधळी. आमची भिंत एकच, मले सारं आयकू ये. मी मूग गिळून बसलो. व्हार्निस तेवढं बंद केलं, उरले होते ते दांडे काचेच्या तुकड्यानं खरवडले अन् परत तेलावर आलो. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय. लाज वाटते हो मले माही.

सासू यंदा वारली. मंग सुमनबाई आपल्या सुनेले घेऊन आली, नव्या कुऱ्हाडीले दांडा पायजे म्हणे. अन् माह्यासमोर सुनेले सांगून राह्यली, हात पुसत जाय बाई, मी नाई पुसला म्हणून असं झालं. मले राहावलं नाई. म्हटलं, सुमनबाई, चूक तुमची नोती. तो दांडाच सटकत होता, अन् मले ते अगुदर माईत होतं.

बाई म्हणे, भाऊ, आत्याबाई जित्या होत्या तवा काऊन नाई बोलले?

सून म्हणे, चला घरी. गेल्या दोघी. आता दारात दिसली तं बोलते, पयल्यासारखीच भाऊ म्हणते, अन् तेच मले जास्त लागते. देव तिले बरं ठेवो.