वीतभर वात

अहो, कोंडीबाचे डोळे करून आणायची हौस मलाच आली होती! लोणावळ्याजवळच्या दगडखाणीत मी मुकादम, आणि सुरुंग पेटवायचा तो कोंडीबा. मोतीबिंदूनं त्याला पार दिसेनासं झालं, तरी चाचपडत वात पेटवून खडकाआड पळायचा. म्हटलं, एक दिवस मरेल. पुण्याला नेऊन ऑपरेशन करून आणलं. दोन महिने काम रखडलं, साहेबाच्या शिव्या मी खाल्ल्या.

जाड भिंगांचा चष्मा लावून गडी कामावर आला. मी दिलेली वात हातात धरून नुसता बघतच बसला.

"मुकादम, वात एवढीच असती व्हय?"

"पहिल्यापासून एवढीच. लाव लवकर!"

"ह्यो चष्मा समदं मोटं दावतोय, तरी वात वीतभरच दिसती! म्या न्हाई पेटवत. तुमचं डोळं चांगलं हायती, तुमीच पेटवा."

मी ओरडलो, हातापाया पडलो, पण गडी जागचा हलेना. शेवटी तणतणत मीच काडेपेटी घेतली.

वेळ वाचावा म्हणून वाती रोज मीच आखूड तोडून द्यायचो. त्या दिवशी मात्र नवी तोडली, चांगली दोन हात.