मस्करी केली असं लिहून दे

लिहा ताई, माझं नाव निलेश. जन्म कोपरीचा, म्हणजे आईच्या माहेरचा, ठाणे पूर्व, खाडीच्या अंगाला, आईकडचे सगळे कोळी. पण शाळा माझी शहापूरला झाली, कारण बाबा तिथे एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आणि खरं सांगायचं तर शाळेत मी एकच गोष्ट शिकलो, आवाज काढायला. हेडमास्तरांचा काढायचो, शिपायाचा काढायचो, डेपोतल्या कंट्रोलरचा तर असा काढायचो की एकदा कसाऱ्याची गाडी पाच मिनिटं आधी सुटली. बाबांनी बेल्ट काढला. मारता मारता हसले पण, ते मी बघितलं. तेव्हापासून ताई, लोकांनी एक ठरवूनच टाकलंय की निल्या म्हणजे कॉमेडी. मी ताप आलाय म्हटलं तरी लोक हसतात. आधी मला पण बरं वाटायचं. आता डोकं फिरतं.

तर बाबा गेले, आम्ही दिव्याला खोली घेतली, आई आणि मी, चौथा माळा, लिफ्टचा खड्डा आहे पण लिफ्ट नाही. बारावी झालेलो. थोडे दिवस डोंबिवलीला वाढदिवसाच्या पार्ट्यांत माईक धरला, मग हरी मामा म्हणाला चल माझ्यासोबत. हरी मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ, कागदावर हरेश्वर, कोपरीचाच, आधी मच्छीच्या बोटीवर होता, खाडीत मच्छी उरली नाही तसा एका ठेकेदाराकडे लागला. काम कुठलं, तर समुद्राकाठी एक अणुवीज प्रकल्प आहे, नाव लिहू नका, आणि ठेकेदाराचं तर अजिबातच नको, तिथे शटडाऊन असलं, म्हणजे प्रकल्प बंद ठेवला, की पाइप साफ करायचं काम.

दिव्यात कळलं तेव्हा काय सांगू तुम्हाला, खालचा इस्त्रीवाला म्हणतो, काय रे, अंधारात चमकतोस का आता? मी म्हटलं हो, आईने बल्ब काढून टाकले. पण खरं काय ते ऐका. अणू-बिणू तिकडे आत, भिंतींच्या मागे. आम्ही बाहेरचे, समुद्राच्या पाण्याचे. तिथे वाफेवर ती मोठी चक्रं फिरतात ना, मग ती वाफ गार करून परत पाणी करायची असते, आणि गार करायला लागतं समुद्राचं पाणी, ते पण नदीसारखं, रात्रंदिवस. आणि समुद्राचं पाणी घेतलं की फुकटात काय येतं? शिणाणे. ते काळपट हिरवे शिंपले नाही का बाजारात वाट्यावर मिळतात, ते. त्यांचं बी पाण्यात असतं, डोळ्याला दिसत नाही, ते येतं, पाइपला चिकटतं, मोठं होतं, त्याच्यावर दुसरं, त्याच्यावर तिसरं. माणूस उभा चालेल एवढा पाइप, हां, आणि आत बघाल तर भिंत दिसत नाही, नुसते शिणाणे. पाणी कमी यायला लागतं, पुढे बारीक नळ्यांत कवचं अडकतात, मग एवढा मोठा प्रकल्प हात जोडून बसतो. कोणापुढे? शिणाण्यापुढे.

म्हणून पाण्यात क्लोरीन सोडतात. थोडा थोडा, सतत. जास्त सोडला तर बाहेरची मच्छी मरते, कमी सोडला तर हे बसतात. आणि शिणाणा काय हुशार, क्लोरीन लागला की तोंड मिटून गप. आमच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी टँकरचा विषय निघाला की जसा गप होतो, सेम. मधे बंद केलात की परत उघडला, परत जेवला. म्हणून कितीही करा, थोडे बसतातच, आणि शटडाऊनला पाणी काढून माणसं आत घालावी लागतात, हातात खरवडायचं पातं आणि घमेलं घेऊन. सहा जण आत, त्यात मामा मुकादम. आणि मी बाहेर, पाइपच्या तोंडाशी. लाल प्लास्टिकचं स्टूल, एक वही, कोण कधी आत गेलं, कोण कधी बाहेर आलं, आणि एक वायरलेस सेट. लोक म्हणायचे काय ऐश आहे, बसून काम. पण मी एकटाच असा होतो ज्याला उठायची परवानगी नव्हती. मुतायला जायचं तरी बदली माणूस लागतो.

आता नीट ऐका, इथून पुढे मी हसणार नाही.

आमच्या कोळ्यांत एक पद्धत आहे. बोटीला पोटात खण असतो, मच्छी ठेवायचा. तो बरेच दिवस बंद राहिला, आत काही सडलं, तर झाकण उघडलं की लगेच कोणी उतरत नाही. तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य माणूस, तो बाजूला बसून विडी ओढतो. ती संपली की दुसरी. वाऱ्याला आत-बाहेर करू द्यायचं, मग कंदील खाली सोडायचा, मग माणूस. मामानेच मला सांगितलेलं, लहानपणी, त्याचा चुलतभाऊ असा घाईत उतरलेला. वरून विचारलं, कसा हाय रं? तो म्हणाला, वास व्हता, आता गेला. हे त्याचं शेवटचं बोलणं. मामा म्हणायचा, बाला, त्या वासाचा इश्वास धरू नको. वास जात नाय, नाक मरतं.

हे ज्या माणसाने मला शिकवलं तोच माणूस त्या दिवशी उतरला. सकाळची वेळ, पाणी काढून तीन-चार दिवस झालेले, आत तळाला डबकी साचलेली, त्यात मेलेले शिणाणे, ऊन तापलेलं. झाकण उघडलं आणि सडक्या अंड्याचा वास आला, माझे डोळे चुरचुरले. आमचा सुपरवायझर मोरे, त्याने गॅसचा मीटर धरला, गॅस असला की वाजतो तो. कुठे धरला? तोंडाशी. माझ्या स्टुलाजवळ. जिथे वारा आहे. दोरी बांधून आत सोडायचा असतो, पार टोकापर्यंत, हे भिंतीवर चित्र काढून लावलेलं आहे हो! त्याने तोंडाशी धरला, मीटर गप्प, कागदावर लिहिलं गॅस ओके, शिक्का मारला. मी मामाला म्हटलं, मामा, एक विडी थांब. मामा म्हणतो, आरं बाला, बोटीवर कागद नव्हता म्हणून थांबाचो. इथं शिक्का हाय. आणि उतरला. कळलं का तुम्हाला? समुद्रात तीस वर्षं कोणाच्या बापाचं न ऐकणारा माणूस, एका कागदाचं ऐकला. मला अजून राग येतो, मामाचा नाही, त्या कागदाचा.

अर्धा तास झाला असेल. सेटवर मामा ठीक बोलत होता, इतकं झालं, घमेली पाठव. मग मी विचारलं, मामा, वास कसा आहे? तर मामा म्हणाला, वास गेला रं. आता बरा वाटतंय.

मी सेटवर ओरडलो, बाहेर या, सगळे बाहेर या. आतून हसायचा आवाज. कोणीतरी म्हणालं, निल्या, आज कोणाचा आवाज? मामा म्हणाला, बस कर रं, नको नाटका करू. मी मोरेला हाक मारली, मोरे शेडमधे, म्हणाला गप बस, कॉमेडी नको, अजून एक तास काम आहे. मी म्हटलं मोरे, आईशप्पथ. तो म्हणाला तुझ्या आईशप्पथा मी रोज ऐकतो. आत जाऊ शकत नाही, तोंडावरचा माणूस आत गेला तर वर कोण? आणि मी आत गेलो असतो तर सातवा पडलो असतो, दुसरं काय.

शिफ्टचे इंजिनिअर होते देवधरसाहेब. पुण्याकडचे, स्वच्छ बोलणारे, प्रत्येक शब्द इस्त्री केल्यासारखा. त्यांचा आवाज मी जेवताना काढायचो, डब्यावर, सगळे लोळायचे. पण सेटवर कधी म्हणजे कधी नाही, तेवढी अक्कल होती. त्या दिवशी मी सेट तोंडाला लावला, घसा खाकरला, त्यांच्यासारखाच, आणि म्हणालो, देवधर बोलतोय. पाइपमधली सर्व माणसं त्वरित बाहेर आली पाहिजेत. हत्यारं तिथेच ठेवा. हरेश्वर, तुम्ही शेवटी नाही, आधी निघा.

आतला हशा बंद. मी सांगतो ना, एका सेकंदात बंद. मी घसा फोडून ओरडत होतो तेव्हा कोणी हललं नाही, आणि साहेब त्वरित म्हणाले तर सहाच्या सहा निघाले. एक, दोन, तीन, वहीत टिक करतोय. चौथ्याचे डोळे लाल. पाचव्याने बाहेर येऊन उलटी केली. मामा ऐकेल तर शप्पथ, तो शेवटीच आला, मुकादम ना, आणि तोंडापाशी शिडीला हात लावला आणि पाय गेले त्याचे. कमरेला दोरी होती म्हणून आम्ही ओढला. ओठ निळे. दोन दिवस दवाखान्यात ऑक्सिजनवर होता. वाचला.

आता पुढचं ऐका, आणि जसं आहे तसं लिहा. मोरेने काय केलं? माणसं दवाखान्यात गेल्याबरोबर पाइपची दोन्ही तोंडं उघडली, मोठा ब्लोअर लावला, तासभर वारा घातला, आणि मग सेफ्टीवाल्यांना बोलावून सांगितलं, या, आता मीटर सोडा. मीटर म्हणाला सगळं छान. म्हणजे गॅस नव्हताच! मग माणसं का पळाली? कारण निल्याने साहेबांच्या आवाजात मस्करी केली. धावपळ झाली, म्हातारा घसरला, उपाशीपोटी होता, चक्कर आली. संपली स्टोरी. माझा गेटपास काढून घेतला, गळ्यातून, कुत्र्याचा पट्टा काढतात तसा.

देवधरसाहेबांनी मला एकदा केबिनमधे बोलावलं. म्हणाले, बोला पाहू ते परत, माझ्या आवाजात. मी बोललो. शब्दाला शब्द. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, मग म्हणाले, मी तिथे असतो तर हेच बोललो असतो. मी म्हटलं, मग साहेब तसं लिहून द्या. तर म्हणाले, निलेश, मी तिथे नव्हतो ना. माझ्या माहितीत नसलेलं मी कसं लिहू? वाईट माणूस नाही हो तो. मला तर वाईट माणसापेक्षा असल्या चांगल्या माणसाची जास्त चीड येते. मोरेला निदान शिवी देता येते.

आता मोरे दर आठवड्याला फोन करतो. गोड बोलतो. अरे निल्या, एक ओळ लिहून दे, मी मस्करी केली, माझी चूक झाली, खाली सही कर, पुढच्या शटडाऊनला पास परत. नुसती एक ओळ. कारण ती ओळ मिळाली की त्याचा तो गॅस ओकेचा कागद खरा ठरतो. आई म्हणते दे ना, तू आयुष्यभर मस्करीच केलीस, एक अजून. आईवर पण मी ओरडलो त्या दिवशी, नंतर वाईट वाटलं. म्हटलं, अगं, आयुष्यात एकदाच मस्करी केली नाही मी, आणि तेवढ्याच एका गोष्टीला मस्करी म्हणू?

आणि खरी गोची पुढे आहे. मामा सोमवारी परत जातोय, पुढचं शटडाऊन लागतंय. हो, त्याच पाइपमधे, छाती अजून भरते त्याची, जिना चढताना दुसऱ्या माळ्यावर बसतो. मी कोपरीला गेलेलो भांडायला. म्हटलं मामा, लाज नाही वाटत? तो जाळं विणत बसलेला, सवयीने, आता त्या जाळ्यात काय येणार, पिशव्या. म्हणाला, दुसरा काय काम हाय मना? मग म्हणाला, तू सही कर नी ये. तोंडावर तू असलास तर मी आत निर्धास्त. दुसऱ्या कोनाचा मना भरोसा नाय.

हे बघा ताई, कसं धरलंय मला. सही केली तर तोंडावर मी बसणार, पण मोरेचा मीटर कायम तोंडाशीच राहणार, कारण मी लिहून दिलेलं असणार की गॅस नव्हता. नाही केली तर आत मामा आणि वर कोणीतरी तिसराच. मी मामाला एवढंच म्हटलं, मी सही करणार नाही. तू उतरायच्या आधी म्हण, मीटर दोरीने टोकापर्यंत सोडा, मग उतरतो. मामा म्हणाला, मुकादमकी जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. तो गाठ मारत राहिला. नंतर मी निघताना मागून म्हणाला, दोरी किती हाताची लागंल रं? मी सांगितलं. त्याने मान हलवली. बोलेल का सोमवारी, मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू.

सध्या मी परत पार्ट्यांत माईक धरतो, डोंबिवली, कल्याण, जिथे बोलावतील तिथे. लोक म्हणतात याचा आवाज काढ, त्याचा काढ. सगळ्यांचे काढतो. देवधरांचा नाही काढत.

माझ्या जागी त्या स्टुलावर जो कोणी बसेल त्याला मी ओळखत नाही. देव त्याला चांगले कान देवो, आणि तो ओरडला तर त्याच्याच आवाजात लोकांनी ऐकावं, दुसऱ्याचा उसना घ्यायची वेळ त्याच्यावर न येवो. आता हे सगळं लिहिलंत ना तुम्ही? वाचून दाखवू नका, मी बोललोय तेच आहे. यात मस्करी नाही. कागद इकडे करा, मी याच्याखाली सही करतो.