झाउनिख मारिका

आमची शारजातली डच शेजारीण मारिका, तिच्यासारखी बाई मी पाहिली नाही. मंदीत ह्यांचा पगार अडकला होता, आणि माझा तर नवरात्रात तुपाच्या अखंड दिव्याचा नेम. नवमीलाच डबा संपला.

हे म्हणाले, "खलास. आता देवीलाच सांग."

दारात मारिका उभी. डब्यात डोकावून म्हणाली, "एम्प्टी? कोण म्हणतं?" घरून लांब दांड्याचं रबरी उचटणं घेऊन आली. त्यांच्याकडे दह्याची बाटली निपटायला ते घरोघरी असतं म्हणे. तिने कडाकोपऱ्यांतून अर्धी वाटी तूप काढलं.

हे हसले, "मारिका, इंडियात याला कंजुषी म्हणतात."

"आम्ही झाउनिख म्हणतो," ती म्हणाली. "काटकसर करतो तो झाउनिख. आणि जिवापाड जपतो तोही झाउनिखच. मी आजीच्या कपाला जपते, नवऱ्यालाही."

दिवा दसऱ्यापर्यंत तेवला. पुण्याहून आलेलं आपट्याचं पान मी तिच्या हातावर ठेवलं. "घे, हे आमचं सोनं."

तिने ते निरखलं, मधोमध अलगद फाडलं आणि अर्धं मला परत दिलं.

"एवढं सोनं मला पुरे. हे पुढच्या वर्षाला ठेव."